सरांच्या पेनाचं टोपण

टोपण टेबलावरच राहिलं होतं. निळं, टोकाशी चावलेलं, पेनाशिवायचं. पेन तसंच खिशात टाकून वीरभद्रप्पा सर सकाळीच अक्कलकोटला लग्नाला गेले होते आणि इथे, सोलापुरातल्या तपासणी केंद्राच्या अंधाऱ्या खोलीत, डॉक्टर दानेश्वरी पडद्यावरच्या एका पांढुरक्या रेघेकडे पाऊण तास बघत बसली होती. शिरेतून औषध सोडायचं, मग स्तनांचे फोटो काढायचे. गाठीला रक्त जास्त लागतं, म्हणून ती पांढरी उजळते. पण निरोगी भागही थोडं औषध पितोच. कुठलं उजळणं आजाराचं आणि कुठलं नुसतंच... हे बघून बघूनच कळतं, असं सर म्हणायचे. सरांनी हजारो फोटो बघितले होते. तिने सहा महिन्यांत दोनशे.

सरांचा नियम कडक होता—दोघांनी एकच फोटो आपापल्या पडद्यावर बघायचा, मत चिठ्ठीवर लिहायचं, घडी करून डब्यात टाकायचं, तोवर एक अक्षर बोलायचं नाही. अलीकडे तिची चिठ्ठी सरांच्या चिठ्ठीशी बहुतेक जुळायची. ‘डोळा बसला तुझा,’ सर म्हणाले, त्या दिवशी तिने घरी जाताना उगाचच अर्धा किलो शेंगाचटणी घेतली होती.

मग आज काय झालं? रेघ आहे... नाही, नेहमीचंच उजळणं आहे... गेल्या महिन्यात अशाच रेघेवरून तिने सारजाबाई नावाच्या पेशंटच्या गाठीची सुई घालून तपासणी करायला लावली, निघालं काहीच नाही, आणि त्या बाईला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. तेवढी एकच चिठ्ठी चुकली होती, आणि तेव्हा सर फोनवर बोलायला बाहेर गेले होते—

बाहेर गेले होते. मघापासून दानेश्वरीचे कान उजवीकडे लागले होते, त्या रिकाम्या खुर्चीकडे. फोटो साफ असला की सर लगेच टोपण लावत—टक. शंका असली की तेच टोपण अंगठ्याने टेबलावर घासत राहत. डोळा कुठला बसलाय, कान तयार झाला होता तिचा. चोरी म्हणावी, तर ठरवून कधी ऐकलं नव्हतं. न म्हणावी, तर ती शेंगाचटणी कशाची होती? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दार लोटून मायाक्का आत डोकावली. फोटो तिचाच होता. सांगोल्याकडची मेंढपाळाची बाई. मागे बोलावलं तर आठ महिन्यांनी उगवली होती. सर उद्या येतील, पण कळपामागे निघालेली मायाक्का उद्या कुठल्या माळावर असेल ते देव जाणे. आत्ता थांबवायचं की सोडायचं, एवढंच होतं. सरांना फोन करता आला असता, पण ती सांगेल तेवढंच त्यांना दिसणार.

“बाई, माजं झालं न्हवं? दोनची यस्टी हाय.”

‘झालं’ हा शब्द अगदी ओठांवर आला. फार सोपा होता तो.

“थोडं थांबाल का? मला अजून नीट बघायचंय.”

“काय निगालं का?”

“माहीत नाही.” डॉक्टर झाल्यापासून हे ती पहिल्यांदाच म्हणत होती.

मायाक्काने तिला क्षणभर निरखलं, लंगडणारं मेंढरू निरखावं तसं. “बघा की मग सावकाश. न्हाई तर साडेचारची घावंल.” आणि ती दाराशीच फरशीवर टेकली, पदर सावरून.

दानेश्वरीने टोपण उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. रेघ होती तिथेच होती, मघापेक्षा ठळक नाही की फिकट नाही... तिने कोरी चिठ्ठी पुढे ओढली आणि वर आधी आपलं नाव लिहिलं. एरवी ते ती शेवटी लिहायची. खाली अजून काहीच नव्हतं. भीती तेवढीच होती, पण आता ती चिठ्ठी जुळेल की नाही याची नव्हती, दाराशी बसलेल्या त्या बाईसाठी होती.