आईच्या जबड्यातला काळा ठिपका

मी आता जुनी झाले, मित्रांनो. मी दंतमहाविद्यालयातली प्रकाशपेटी. अंगाला पत्रा, पुढे दुधी काच, पोटात दोन दिवे. माझ्यावर एक्स-रे लावून विद्यार्थी दातांची मुळे बघत.

बाई शिकवत तेव्हा माझी भारी बडदास्त असे. काच पुसल्याशिवाय त्या तास सुरू करत नसत.

एका सकाळी त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी स्वतःच्या आईलाच घेऊन आली. आईचा खालचा जबडा ठणकत होता. मुलीने फिल्म माझ्यावर लावली. सुळ्यामागच्या एका दाताच्या मुळाशी गोल काळा ठिपका दिसला.

"पू झालाय, आई. दात पोखरून मूळ साफ करावं लागेल."

"तू म्हणशील तसं, पोरी," म्हणून आईने आ केला.

मी हादरलेच! तो ठिपका म्हणजे प्रत्येकाच्या जबड्यात मुळातच असणारे छिद्र होते. माझ्या शेजारीच जबड्याचे हाड ठेवलेले होते. त्यातले हेच छिद्र दाखवून, त्यातून हनुवटीकडे जाणाऱ्या नसेचे नाव याच मुलीने परीक्षेत घडाघडा सांगितले होते. हाडात ओळखीचे असलेले छिद्र चित्रात तिला पू वाटावे? मला ओरडताही येईना. तिने बधिर करायची सुई उचलली.

"थांब!" बाई दारातूनच कडाडल्या. "गार लावून पाहिलंस?"

"नाही, पण ठिपका तर..."

"एक्स-रेचं मशीन जरा बाजूला सरकव आणि दुसरी फिल्म काढ."

गार बोळा लागताच दात नीट कळवळला. तो जिवंत होता; मुळाशी पू झालेल्या मेल्या दाताला गार कळत नाही. दुसऱ्या फिल्ममध्ये ठिपका मुळापासून दूर सरकला. पू असता तर मुळालाच चिकटून राहिला असता. ठणका होता मागच्या तडकलेल्या दाढेचा.

"म्हणजे माझा धडधाकट दात पोखरणार होतीस गं कार्टे?" आई म्हणाली. मुलीने शेजारचे हाड उचलून त्यातल्या छिद्रावर बोट टेकवले.

पुढे संगणक आले. मी कपाटावर धूळ खात पडले. बाईही गेल्या.

परवा त्याच मुलीने मला खाली काढले. आता ती शिकवते. तिने आधी काच पुसली, मग आईची ती पहिली फिल्म लावली.

"काय दिसतंय?"

"पू!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी पुन्हा हादरले. तिने मात्र ते हाड पहिल्या बाकावर ठेवले आणि वाट बघत उभी राहिली.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण सुई उचलण्याआधी ते हाड एकदा हातात घ्या. समोर आ करून बसलेली कुणाची तरी आई असते.