पाठवणाऱ्याचं नाव

प्रेमिला गजभिये उत्तर नागपुरातल्या एका टपाल कार्यालयात पार्सलच्या खिडकीवर बसायची. वय चव्वेचाळीस. लग्न राहून गेलेलं. आई तिच्या लहानपणीच गेली, भाऊ भिलाईला नोकरीला लागला तो तिकडचाच झाला, आणि वडिलांचं दुखणं काढता काढता तिची वर्षं सरली. १९८४च्या उन्हाळ्यात वडीलही गेले. इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत आता ती एकटीच राहत होती.

आठ दिवसांच्या रजेनंतर ती कामावर आली तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, "कसं काय झालं?" तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं. दुपारी खिडकीशी चंद्रभान डोये आला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी पार्सलं टाकायला येणारा. त्याने पार्सलं काट्यावर ठेवली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आता घरी गेल्यावर बोलता कोणासंग?"

तिने मान खाली घालून पावत्या फाडल्या. पण तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही, आणि मंगळवार-शुक्रवारची ती वाट पाहू लागली.

चंद्रभान कन्हानला राहायचा. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, इस्त्री नसलेला पण स्वच्छ पांढरा शर्ट घालणारा माणूस. एका वैद्याकडे बरीच वर्षं कंपाउंडर होता. वैद्य वारल्यावर त्याने स्वतःच गोळ्या बनवायला घेतल्या होत्या. साप्ताहिकांत दोन ओळींची जाहिरात द्यायचा: कंबरदुखी, थकवा, अंग मोडणं, पत्र पाठवा, गोळ्या घरपोच. लोक पत्र लिहीत. तो व्हीपी पार्सल पाठवी. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचं. मांजरपाटात नीट शिवलेलं, लाखेच्या मोहरा लावलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी 'तनुसुख औषधालय' एवढंच लिहिलेलं असे, खाली बॉक्स नंबर.

"कन्हानलेही पोस्ट हाय न," ती एकदा म्हणाली. "इतक्या दूर काहून येता?"

"तिथला मास्तर लय चौकस हाय," तो हसत म्हणाला. तीही हसली.

त्याने तिला कधी काही आणून दिलं नाही, कधी खिडकीबाहेर भेटला नाही. नुसता बोलायचा. गुडघा कसा आहे, भावाचं पत्र आलं का, डबा खाल्ला का. दहा मिनिटं. तेवढ्या दहा मिनिटांवर तिचे मधले दोन-तीन दिवस निघत.

एका शुक्रवारी एका पार्सलची शिवण उसवलेली होती. आतून उग्र, कडवट वास आला. लहानपणी शेजारची म्हातारी रडणाऱ्या नातवाला बोटाने काळं काहीतरी चाटवायची, तिच्या डबीचा असाच वास होता. प्रेमिलाने वर पाहिलं. चंद्रभान तिच्याकडेच पाहत होता.

"कायचा वास हाय हा?"

"हिंग, आसगंध... जडीबुटीले वास तं राहतेच, बाई."

मागे रांग वाढत होती. तिने ड्रॉवरमधून सुईदोरा काढला आणि चार टाके घालून ते पार्सल स्वतः शिवून दिलं. पत्ता तिच्या लक्षात राहिला, कारण तो दर महिन्याला असायचा: धोंडबा राऊत, कॉलनी, कोराडी.

१९८६च्या जानेवारीत छाननीच्या टेबलावर एक पार्सल फुटलं. काळपट गोळ्या बाहेर पडल्या. पोस्टमास्तरांनी पोलिसांना कळवलं, तपासणी झाली, अफू निघाली. इन्स्पेक्टर तिच्या टेबलाशी येऊन बसले.

"माणूस तुम्ही ओळखता?"

"हो."

"मग शुक्रवारी तो आला की तुम्ही फक्त उठून उभ्या राहा. बाकी आम्ही पाहू."

शुक्रवारी चंद्रभान चार पार्सलं घेऊन आला. दोन साध्या वेशातले शिपाई बाकावर फॉर्म भरत बसले होते. त्याने पार्सलं काट्यावर ठेवली. "बाई, आज तोंड काहून उतरलं? बरं नाही का?"

प्रेमिला उभी राहिली.

पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं. त्याने आरडाओरडा केला नाही. शिपायांनी दंड धरले तेव्हा तो तिच्याकडे एकदा बघून म्हणाला, "बसा बाई, गुडघा दुखन." तो टोमणा होता की सवयीने आलेलं बोलणं, हे तिला कधी ठरवता आलं नाही.

खटला वर्षभर चालला. कार्यालयात तिच्यामागे कुजबूज सुरू झाली. दीड-दोन वर्षं रोज बोलत होती त्याच्याशी, हिला माहीत नसणार? दुपारच्या चहाला तिला कोणी हाक मारेना. ती खिडकीवरच डबा उघडायची आणि अर्धा तसाच परत न्यायची.

कोर्टात तिची साक्ष झाली. पार्सलं देणारा हाच का? हाच. किती वेळा? आठवड्यातून दोनदा. आत काय आहे असं तो सांगायचा? जडीबुटी. तिने सगळं खरं सांगितलं. फक्त त्या चार टाक्यांचं कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. चंद्रभान पिंजऱ्यात उभा होता. त्यानेही ते आपल्या वकिलाला सांगितलं नव्हतं.

एप्रिल १९८७मध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आरोपीचं वय, आधीचा एकही गुन्हा नसणं, हे सगळं मी विचारात घेतलं असतं," ते म्हणाले. "पण पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरपासून अमली पदार्थांचा नवा कायदा आहे. या कलमाखाली दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार मला नाही."

दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख रुपये दंड.

प्रेमिलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने मनाशी सहा महिने धरले होते, फार तर वर्ष. बाहेर व्हरांड्यात त्याचा वकील कोणाला तरी सांगत होता, "ऑक्टोबरात सापडला असता तर एव्हाना घरी बसून जेवला असता."

मेच्या एका रविवारी चंद्रभानची बहीण इंदोऱ्याला पत्ता विचारत आली. मनकर्णा तिचं नाव. कन्हानलाच भाजी विकायची. ती दारातच उभी राहिली.

"तुमच्यावर राग नाही बाई माहा. तुमी सरकारी माणूस. पण सरकारले एक अर्ज करून राहिलो, शिक्षा कमी करा म्हणून. तुमची सही असली तं वजन पडन. ज्या बाईनं धरून देल्लं, तेच म्हणते दहा वर्षं लय झाले."

"मले थोडे दिवस द्या," प्रेमिला म्हणाली.

सही करायला हात तयार होता, पण तिला वाटलं, आपण फक्त एकच माणूस पाहिलेला आहे. पाठवणारा. घेणारा एकही नाही. पुढच्या रविवारी ती कोराडीच्या बसमध्ये बसली.

वीज केंद्राशेजारच्या कॉलनीत घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर होता. दार सिंधूताईंनी उघडलं. धोंडबाची बायको. प्रेमिलाने आपण कोण ते सांगितलं आणि लगेच, न थांबता, उसवलेल्या पार्सलचंही सांगितलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर पडलं.

सिंधूताई दारातून बाजूला सरल्या. मग बाजेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो पाहा."

धोंडबा बाजेवर बसला होता. वय पन्नासही नसेल, पण गाल आत गेलेले, नजर कुठेच न ठरणारी.

"कोळशाच्या पट्ट्यावर ड्यूटी होती यांची," सिंधूताई म्हणाल्या. "कंबर दुखे म्हणून गोळ्या मागवल्या. पयले एक, मंग चार, मंग मोजनंच सोडलं. पोरीच्या लग्नात बाप मांडवात झोपून राह्यला, बाई. नवरदेवाकडचे हसत होते. हलवून हलवून उठवलं तं मलेच विचारते, कोणाचं लग्न हाय वं? मंग गोळ्या यायच्या बंद झाल्या. महिनाभर हा गुरासारखा ओरडला. ड्यूटी सुटली."

"त्याले दहा वर्षं झाले," प्रेमिला हळूच म्हणाली.

"वीस द्याले पाह्यजे होते."

बाजेवरून धोंडबाचा आवाज आला. "त्या गोळीवर मी ड्यूटी केली. नाही तं कवाच घरी बसलो असतो." तो थांबला. "त्या माणसानं मले बोलावलं नव्हतं. म्याच चिठ्ठी धाडली."

"तुमी गप राहा," सिंधूताई कडाडल्या. मग प्रेमिलाकडे वळून म्हणाल्या, "सही करशील का तू त्या अर्जावर?"

"माहीत नाही."

"करशील तं करजो. पण आमचं घर पाह्यलं, हेबी लिहिजो त्याच्यात."

परतीच्या बसमध्ये प्रेमिला खिडकीशी बसली. दहा वर्षं जास्त आहेत, असं तिला कोराडीला जाताना वाटत होतं आणि येतानाही वाटत होतं. पण जाताना ते वाटणं सोपं होतं.

मनकर्णाच्या अर्जावर तिने सही केली नाही. तिने सरकारला वेगळं पत्र लिहिलं. चंद्रभानने अफू पाठवली हे खरं. धोंडबाचं घर आपण पाहिलं तेही खरं, आणि शिक्षा व्हायला हवी होती. पण ती किती, हे माणूस पाहून ठरवायला न्यायाधीशाला मोकळीक हवी होती, ती नव्हती. शेवटी लिहिलं की वास ओळखूनही मी पार्सल शिवून दिलं, आणि मला काहीच झालेलं नाही. पत्र मनकर्णाला वाचून दाखवलं तेव्हा ती घाबरली. "बाई, तुमची नोकरी जाईन."

नोकरी गेली नाही. पत्र फिरत फिरत खात्याकडे आलं, चौकशी झाली, तिची एका वर्षाची वेतनवाढ थांबली आणि पार्सलची खिडकी काढून तिला मागच्या खोलीत रेकॉर्डवर बसवलं. तिथे समोर माणसंच नव्हती, नुसते गठ्ठे. शासनाचं उत्तर आठ महिन्यांनी आलं, एका ओळीचं: विनंती मान्य करता येत नाही.

ते सांगायला ती मनकर्णाबरोबर जेलमध्ये गेली. फाटकावरच्या शिपायाने वही पुढे ओढली. "कैद्याशी नातं?"

मनकर्णाने बहीण सांगितलं. शिपायाने प्रेमिलाकडे पाहिलं.

"साक्षीदार," ती म्हणाली.

"कोणाकडून?"

"सरकारकडून."

शिपायाने लेखणी खाली ठेवली. मनकर्णाने घाईघाईने "वहिनी लागते, वहिनी" म्हटलं, आणि त्याने तसंच लिहून घेतलं.

जाळीपलीकडे चंद्रभान आणखी वाळलेला दिसला. शासनाचं उत्तर त्याने शांतपणे ऐकलं. मनकर्णा रडू लागली तसा तो प्रेमिलाला म्हणाला, "तुमी काहून लिहून देल्लं ते टाक्याचं? म्या कोणाले सांगतलं नव्हतं."

"मले माहीत हाय."

"मले वाटे, सहा महिने होतीन. दारूवाला सहा महिन्यांत सुटते." तो जाळीला धरून उभा होता. "दहा वर्षं... इथं एकानं भावाले कुऱ्हाडीनं मारलं, त्याले सात हायेत. मले सांगा बाई, हा कोणता हिशेब हाय?"

ती म्हणाली, "मी कोराडीले गेली होती. धोंडबा राऊतकडे."

"दर महिन्याची साठ गोळी," तो लगेच म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "कसा हाय?"

तिने सगळं सांगितलं. लग्नाचं, ओरडण्याचं, सुटलेल्या नोकरीचं. काहीही मऊ न करता सांगितलं.

चंद्रभान खाली बघत राहिला. "म्या एकालेबी पाह्यलं नव्हतं, बाई," तो शेवटी म्हणाला. "नुसत्या चिठ्ठ्या येत. औषध गुणकारी हाय, आणखी पाठवा. मले वाटे, बरं वाटून राहिलं लोकाइले." शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. तो वळला, पुन्हा थांबला, मग आत गेला.

प्रेमिला महिन्यातून एकदा जाऊ लागली. कधी मनकर्णा सोबत असे, बहुतेक वेळा नसे. १९८९च्या पावसाळ्यात ती गेली तेव्हा शिपाई म्हणाला, "तो नाही इथे. यरवड्याला हलवला." कधी, तर अकरा दिवस झाले. ती फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहिली. इतक्या दूर जायचं, एवढ्या रजा मिळायच्या नाहीत, हे तिला तिथेच कळलं.

तिने पोस्टकार्ड टाकलं. दोन महिने काही आलं नाही. दिवाळीच्या सुमारास जेलचा शिक्का असलेलं कार्ड आलं, पेन्सिलीने लिहिलेलं. तब्येत ठीक आहे, विणकामाच्या शेडमध्ये काम दिलं आहे, मनकर्णाला सांगा काळजी करू नको. आणि खाली एक ओळ: कोराडीवाल्याची तब्येत कळवावी.

पुढच्या रविवारी ती कोराडीला गेली. सिंधूताई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. आतून खोकल्याचा आवाज येत होता. प्रेमिलाने कार्ड वाचून दाखवलं. सिंधूताईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, जेलच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं.

"त्याले कायले पाह्यजे आता?"

"विचारलं त्यानं."

सुपातले तांदूळ हलत राहिले. मग सिंधूताई खाली बघूनच म्हणाल्या, "लिही. जिता हाय म्हनाव. सकाळी फाटकापर्यंत चालत जाते." जरा थांबून म्हणाल्या, "आणखी काही नोको लिहू."

घरी येऊन प्रेमिलाने तेवढंच लिहिलं. कार्ड अर्धं रिकामं राहिलं. त्या रिकाम्या जागेत स्वतःचं काहीतरी लिहावं असं तिला फार वाटलं: गुडघा बरा आहे, मागच्या खोलीत दिवसभर कोणी येत नाही, भावाचं पत्र नाही. पण ती नुसती बसून राहिली. मग खाली नाव लिहिलं, पाठवणाऱ्याच्या जागी इंदोऱ्याचा पूर्ण पत्ता घातला आणि चपला पायात सरकवून पेटीकडे निघाली.