डोंगरीच्या उतारावर निसटलेली चकती

चालत्या सायकलच्या चाकाच्या मधोमध एक पातळ, भोकाभोकांची पोलादी चकती चमकताना तुम्ही पाहिली असेल, मित्रांनो. तीच मी. आता जुनी झाले आहे. अंगावर चरे पडले आहेत आणि कडेला आचेने तापलेल्या तव्यासारखी निळसर झाक आली आहे. लोक मला डिस्क म्हणतात. माझ्या दोन्ही बाजूंना पॅड नावाच्या दोन लहान वड्या असतात. स्वाराने ब्रेक दाबला की त्या मला चिमटीत धरतात आणि चाक थांबते. धावणाऱ्याला वेळेवर थांबवायचे, एवढेच माझे काम.

कारखान्यात मला पत्र्यातून कापले, घासून सपाट केले आणि अंगावर बारीक इंग्रजी अक्षरे कोरली. मग सहा स्क्रूंनी मी एका डोंगरी सायकलच्या पुढच्या चाकाला बसले. मागच्या चाकाला माझी धाकटी बहीण होती. आरमोरीच्या पलीकडे, जंगलातल्या एका वनचौकीत ती सायकल आली आणि वनरक्षक रंजीताताईंच्या हाती पडली.

ताई गोंड घरातल्या, जंगलातच वाढलेल्या. मोहफुलांच्या दिवसांत त्या पहाटेच निघत. चौकीमागची डोंगरी चढायची, पलीकडचा खडकाळ उतार उतरायचा आणि बोडीपाशी मोह वेचायला आलेल्या बायामाणसांना सावध करायचे. वाघाचे ताजे पाऊल कुठे दिसले, आज कोणत्या अंगाला जायचे नाही, हे त्या सांगत. बोडी म्हणजे पाणी साठवणारे लहान तळे. तिथे भागीरथाबाईंचे मोहाचे झाड होते. त्यांचे यजमान इस्तारीभाऊ तळ्यात मासे धरत. ताई आल्या की भागीरथाबाई लांबूनच म्हणत, "आली माही पोरगी!" तेव्हा मला फार बरे वाटे. त्या उतारावर ताईंचा सगळा भार मी झेलत असे.

पहिला उन्हाळा आणि पावसाळा असा सुखात गेला. पुढे पॅड झिजले. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, "हे धातूचे घ्या मॅडम. मजबूत येतात, लय दिवस टिकतात." तो खोटे बोलत नव्हता. धातूचे पॅड टिकतात हे खरेच. पण ते कोणत्या चकतीला चालतात, हे त्याने पाहिले नाही आणि ताईंनी विचारले नाही.

मी मऊ पोलादाची. धातूचे पॅड मला खरवडू लागले. त्यात वाटेवरची धूळ. ब्रेक दाबला की मी किंचाळत असे. झाडावरचे वानर हुप्प करून पळत आणि चोरून लाकूड तोडणारे तर आवाज ऐकताच पसार होत.

चौकीवर अंकुशभाऊ नावाचे वनमजूर होते. साधी सायकल घेऊन ते ताईंच्या मागे येत. हसून म्हणत, "मॅडम, तुमची सायकल कोसावरून आयकू येते. चोर कसा सापडन?"

ताईही वैतागल्या होत्या. "कायतरी करा ना भाऊ. मायं तर डोकं उठते."

त्या दिवशी संध्याकाळी अंकुशभाऊंनी आपल्या सायकलची साखळी साफ केली, तिला तेल दिले आणि उरलेले तेल घेऊन माझ्याकडे आले. आधी फडक्याने धूळ पुसली, मग माझ्या दोन्ही अंगांना तेल चोपडले. मागच्या बहिणीलाही विसरले नाहीत. किती जिव्हाळ्याने चोळत होते ते! "आता नाई ओरडनार," असे पुटपुटत त्यांनी चाक फिरवून पाहिले. मी खरेच गप्प फिरले. पॅडांनी ते तेल पिऊन घेतले. तेलकट पॅड मला धरू शकणार नाहीत, हे मला ओरडून सांगायचे होते, पण माझा आवाजच तर त्यांनी घालवला होता.

सकाळी ताई निघाल्या, मागून नेहमीसारखे अंकुशभाऊ. अंकुशभाऊंना वाटले, बिनआवाजाची सायकल पाहून मॅडम आपसूकच खूश होतील. म्हणून ते काही बोलले नाहीत. चढावर ब्रेक लागत नाही. माथ्यावर पोचल्यावर ताई पाय टेकून थांबल्या. वाटेच्या मऊ मातीत वाघिणीची पावले उमटली होती, आणि शेजारी पिल्लांची. पावले बोडीकडे वळली होती.

"भाऊ, भागीरथाबाई तिकडंच असन!" एवढे बोलून त्यांनी सायकल उतारावर घातली.

पहिल्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला. पॅडांनी मला धरले आणि मी त्यांच्या चिमटीतून निसटले. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या. मागची बहीणही निसटली. मित्रांनो, थांबवण्यासाठी जन्मलेल्या चकतीला थांबवता येऊ नये, याहून वाईट काय? सायकल खडकावर आदळली. ताई बांबूच्या बेटात फेकल्या गेल्या आणि त्यांचे खांद्याचे हाड मोडले.

अंकुशभाऊ आपली सायकल टाकून धावत आले. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी त्या म्हणाल्या, "मले सोडा. बोडीवर जा. आरडत जा!"

"तुमाले असं टाकून कसा जाऊ?"

"जा म्हनलं ना भाऊ!"

ते ओरडत उतारावरून पळाले. मी वाकड्या चाकात अडकून पडले होते. थोड्या वेळाने खालून पुष्कळ माणसांचा एकदम कल्लोळ उठला. ताईंनी डोळे मिटून घेतले.

भागीरथाबाई वाचल्या. त्या वाकून मोह वेचत असताना वाघिणीने मागून झडप घातली होती. आरडाओरडा ऐकून ती पिल्लांकडे पळाली. पण बाईंच्या उजव्या दंडाचे मांस फाटले. पुढे जखम भरली, हात मात्र खांद्याच्या वर कधीच गेला नाही.

काही दिवसांनी इस्तारीभाऊ चौकीवर आले. ताई गळ्यातल्या झोळीत हात अडकवून ओसरीत बसल्या होत्या. मी भिंतीला टेकलेल्या सायकलवर होते. म्हातारा रागावला नव्हता. त्याने फक्त विचारले, "बाई, तुमी रोज येत होत्या. त्या दिवशी काऊन नाई आल्या?"

ताई उठू लागल्या. तेव्हा अंकुशभाऊ पुढे झाले. "माया हातानं झालं, इस्तारीभाऊ. मॅडम निघाल्या होत्या. ब्रेकले तेल मीनं लावलं. आवाज बंद कराले गेलो, ब्रेकच बंद केला. मॅडमलेबी सांगतलं नाई."

इस्तारीभाऊ जायला वळले. "तुनं वाईट नाई केलं," ते म्हणाले, "पन बिनसांगता केलं." आणि पाणीही न घेता निघून गेले.

त्या दुपारी ताईंनी दवाखान्यातले स्पिरिट आणले. अंकुशभाऊंनी मला सोडवले, आणि ताई एका हाताने मला पुसू लागल्या. मळ निघाला तशी माझ्यावरची अक्षरे उघडी पडली. त्यांनी ती वाचली आणि फडके तसेच हातात राहिले.

"भाऊ, हिच्यावर लिवलं होतं. फक्त रेझिनचे पॅड वापरा. म्हंजे ते मऊवाले. धातूचे नाई. मीनं कधी वाचलंच नाई."

"म्हनून ओरडत होती का?"

"हाव. आनि आपन तिचं तोंड बंद केलं."

तेल प्यालेले पॅड फेकून दिले. नागपूरहून रेझिनचे आले. चाक सरळ करून घेतले. खांदा जुळला, आणि पुढच्या वर्षी मोह गळू लागला तेव्हा ताई पुन्हा डोंगरीच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. खाली पाहून त्यांनी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, आणि मग पुन्हा एकदा.

"मॅडम, आधी मी उतरतो," अंकुशभाऊ म्हणाले.

"नाई. तुमी मांगून या." त्यांनी थोडे थोडे ब्रेक दाबत, जवळजवळ चालण्याच्या गतीने तो उतार पार केला. खाली मोहाचे झाड होते. झाडाखाली इस्तारीभाऊ एकटेच वेचत होते. त्यांनी मान वर केली, ताईंना पाहिले आणि पुन्हा खाली वाकले. ताई सायकल टेकवून त्यांच्या शेजारी बसल्या आणि बऱ्या झालेल्या हाताने फुले वेचू लागल्या. इस्तारीभाऊंनी टोपली हळूच मध्ये सरकवली.

मित्रांनो, यालाही आता बरीच वर्षे झाली. मी बोटाच्या नखाइतकी पातळ झाले आहे. अंकुशभाऊ मला पुसतात तेव्हा म्हणतात, "चालते अजून, चांगली हाय बिचारी." त्यांची माया मला कळते, पण भीतीही वाटते. तुमच्या सायकलवर माझी एखादी बहीण असेल, तर तिला तेल लावू नका. तिला कोणते पॅड चालतात, ते तिच्या अंगावर वाचा. ती ओरडली तर का ओरडते, ते शोधा. आणि ती झिजून पातळ झाली, की किती वर्षे साथ दिली म्हणून तिला ठेवून घेऊ नका. जाडीचे माप लावा आणि तिला उतरवा. मलाही उतरवा, ताई. पुढच्या मोहाच्या आधी.