अकरा महिन्यांची जागा

सकाळपासून साखराबाईनं बीडमध्ये सात खोल्या पाहिल्या आणि सातही ठिकाणाहून हात हलवत परतली. लेक ऋतुजाचे क्लास सोमवारी सुरू होणार होते. आज खोली मिळाली नाही तर पोरगी पुन्हा मेंढरांमागं जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. घाटनांदूरजवळचा मेंढरांचा तळ उद्या उठायचा होता, म्हणजे साडेपाचची एसटी चुकवून चालणार नव्हतं.

एका मालकाला नोकरदार हवा होता. दुसऱ्यानं तर तिच्या खांद्यावरची घोंगडी पाहूनच खोली भरल्याचं सांगितलं. खेड्यापाड्यांतली पोरं क्लाससाठी शहरात लोटली आणि खुराड्यालाही चार हजार भाडं आलं, मग मालकांचा तोरा काय विचारता!

आठवी जागा नेकनूर रस्त्याला होती. ओळीनं बारा खोल्या, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले मालक विठ्ठलराव.

"काय करता?"

"मेंढरं हायेत."

विठ्ठलरावांनी काढलेल्या कराराच्या कागदाची पुन्हा घडी घातली. "अकरा महिन्यांचा करार असतो, बाई. तुमी फिरस्ती मानसं. मधीच उठून गेलात तर सालभर खोली रिकामी ऱ्हाती."

साखराबाईचा पाय एका जागी ठरेना. ती फाटकापर्यंत गेली, वळली आणि तिथल्या चिंचेकडे बघतच राहिली.

"मालक, हितं ज्वारीचं रान हुतं नव्हं?"

"हुतं."

"आमी बसलो हुतो ह्या रानात."

रानात मेंढरं बसली की लेंड्यांनी जमीन पिकते, म्हणून शेतकरीच मेंढक्याला धान्य देऊन मुक्कामाला बोलावतो. साखराबाईच्या उभ्या जन्मात राहण्याचं मोल जमीनवाल्यानंच दिलं होतं. उलटा रिवाज ती आज शिकत होती.

"तीन राती ठरल्या हुत्या. तिसऱ्या राती मी ह्या चिंचंखाली बाळंत झाले, म्हनून सात राती ऱ्हायलो. तुमी रोज पायलीभर ज्वारी धाडली."

विठ्ठलरावांनी ऋतुजाकडे पाहिलं. "ती हीच का?"

"हीच."

"तवा मला मेंढरं पायजे हुती," ते सरळच बोलले. "आता पगारवालं पायजेत. जुनं कावून सांगता?"

साखराबाईला लई राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, मागावं लागल्याची.

"ह्याच्यासाठी सांगते, की आमी शब्द देऊन बसतो अन् ठरल्याआधी उठत न्हाई. मी जाईन, माझं पोटच त्यात हाय. ही न्हाई जायची. अकरा महिने न्हाई."

विठ्ठलरावांनी बराच वेळ किल्ली बोटांत फिरवली. मग ती ऋतुजाच्या हातात दिली. "भाडं कमी हुनार न्हाई."

"कमी मागितलंय कुनी?"

खोलीत ऋतुजानं घोंगडी अंथरली. साखराबाईनं खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. कडी तीनदा घालून पाहिली. चार भिंतींत तिचा जीव गुदमरत होता.

"आये, एसटी चुकंल," ऋतुजा म्हणाली.

रान सोडताना मेंढरं मोजायची, सगळी भरली की मगच पाऊल उचलायचं, ही साखराबाईची जन्माची सवय. एसटी हलली तशी तिची बोटं आपोआप चालायला लागली. आज पहिल्यांदाच ती एक मागं ठेवून निघाली होती, आणि ते मागं राहावं म्हणून दिवसभर तिनंच जिवाचं रान केलं होतं.