ओटीतले गहू-तांदूळ

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दैवशाला ओसरीवर परात घेऊन बसली आणि तांदळातले गहू निवडायला लागली. प्रचारात गावोगावच्या बायकांनी तिची ओटी भरली होती. कुणी गहू घातले, कुणी तांदूळ, आणि आम्ही घाईघाईत सगळं एकाच पोत्यात ओतत गेलो. आता ते दळता येत नव्हतं आणि शिजवताही येत नव्हतं. बाजूला खणांची चळत, कोपऱ्यात नारळांचा ढीग. एवढं सगळं देणाऱ्या गावांनी मतं तेवढी दिली नव्हती. डिपॉझिटसुद्धा गेलं. मी माझ्या आपे रिक्षाच्या टपावर बांधलेला भोंगा सोडत होतो आणि मनातल्या मनात एकेका गावाला शिव्या घालत होतो.

आमच्या घरातलं कुणी आमदारकीला उभं राहील हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. माझी बायको दैवशाला सरकारी आरोग्य खात्याची आशाताई. गरोदर बायांच्या तपासण्या, लेकरांचे डोस, उन्हातान्हात वस्त्या फिरायच्या. मी आपे चालवतो. गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीवरच्या बाईला कळा सुरू झाल्या म्हणून आम्ही तिला घेऊन निघालो. जवळच्या दवाखान्याला कुलूप. पुढच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. बाई माझ्या आपेतच बाळंत झाली आणि लेकरू जगलं नाही. त्यानंतर दैवशाला अर्ज घेऊन या साहेबाकडून त्या साहेबाकडे हिंडली. शेवटी आमदारांच्या एका माणसानं तिला सांगितलं, ताई, आता निवडणुका येऊन राह्यल्यात, हे नंतर बघू. तिच्यासोबतची सरदारबी, तीही आशाच, तिथल्या तिथं म्हणाली की मग निवडणुकीतच बघू. बाकीच्या बायांनी ते उचलून धरलं आणि दैवशालाला उभं केलं. मी नको म्हणालो. माझं घरात जेवढं चालतं तेवढंच ते चाललं.

पण अडचण माझी नव्हती, तिच्या भावाची होती. सोमेश्वर टेंभुर्णीला राहतो. आमदारांचा जुना माणूस. त्याचा मुलगा आमदारांच्या संस्थेत मास्तर म्हणून लागलाय, अजून कायम व्हायचाय. आईबाप लवकर गेले तेव्हा याच भावानं आणि मीनावैनीनं दैवशालाला लहानाचं मोठं केलं, लग्न लावून दिलं. तिचं माहेर म्हणजे ही दोन माणसं. उमेदवारीचा अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सोमेश्वर तहसीलच्या आवारात आला. आरडाओरडा नाही, काही नाही. लिंबाखाली उभा राहून शांतपणे बोलला.

"अर्ज ठिवायचा तर ठिव. मंग टेंभुर्णीचा रस्ता इसर."

तिनं अर्ज ठेवला. घरी येताना ती मागच्या सीटवर बसली होती. उतरताना म्हणाली, "निवडून न्हाई आले तरी चालंल मला. माहेर तेवढं राह्यलं पाह्यजे." मग अर्ज कशाला ठेवलास, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या सीटवरचा डाग मीच धुतला होता, म्हणून विचारलं नाही.

आम्हाला चिन्ह मिळालं किटली. समोरच्यांच्या पांढऱ्या गाड्यांची रांग धुरळा उडवत जायची आणि मागून आमचा आपे त्यांचा धुरळा खात यायचा. कापूस वेचणीचे दिवस. दिवसभर गावात म्हाताऱ्यांशिवाय कुणी नसायचं. बाया दिवेलागणीला डोक्यावर गाठोडी घेऊन परतायच्या तेव्हा आमची सभा. त्यांना चुलीची घाई, आमचा आवाज बसलेला. भाऊबीजेला दैवशालानं सकाळीच ओवाळायचं ताट करून ठेवलं. भावाचा फोन आला नाही. दुपारी तिनं ताटातली सुपारी उचलून डब्यात टाकली आणि आम्ही पुढच्या गावाला निघालो.

ओटीची सुरुवात पहिल्याच गावात झाली. झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं दैवशालाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि सुनेला हाक मारून तिची ओटी भरायला लावली. हळदीकुंकू, खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. ते बघून शेजारची धावली, तिला बघून पलीकडची. मग गावोगाव तेच. दैवशाला पदर पसरून पसरून दमली. सरदारबी रोज त्या चळतीवरून हात फिरवायची आणि मला म्हणायची, "भाईजान, इत्क्या बायांनी खण दिले, मंग मतं कुठं जातेत?"

मलाही ते बराबर वाटायला लागलं. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई पेटीत जपून ठेवलेला खण उगाच कुणाला देईल का? चहाच्या टपरीवर पोरं मला आमदारीणबाईंचे मालक म्हणायची आणि मी लाजल्यासारखं करून ते ऐकून घ्यायचो. एवढा शहाणा माणूस मी, पण खणांची चळत बघून डोकं फिरलं.

टेंभुर्णी आम्ही शेवटपर्यंत टाळली होती. प्रचार संपायला आला तेव्हा दैवशाला म्हणाली, जाऊ. तिथंही बायांनी ओटी भरली. मग ती एकटीच भावाच्या दारात गेली. आपे वळवून मी बाहेर थांबलो. दारावर आमदारांचा झेंडा होता. सोमेश्वर घरात नव्हता, की होता आणि बाहेर आला नाही, कोण जाणे. मीनावैनीनं पाणी दिलं, चहा दिला, कपाळाला हळदीकुंकू लावलं. दैवशालानं सवयीनं पदर पुढं केला. वैनीनं हातातला करंडा बंद केला आणि आत निघून गेली.

आपेत बसल्यावर दैवशाला रडली. अख्ख्या प्रचारात ती रडली नव्हती. सगळ्या मतदारसंघानं ओटी भरली आणि जिनं वाढवलं तिनं नाही, एवढंच तिनं म्हटलं. मला मीनावैनीचा इतका राग आला की रस्ताभर गिअर आपटत आलो.

मग निकाल लागला. झुंबरबाईच्या गावानं हातावर मोजता येतील इतकी मतं दिली. बाकीच्या गावांनीही तसंच. टेंभुर्णीचं तर बोलूच नका. सरदारबी मोजणीच्या मांडवातनं चपला शोधत बाहेर आली आणि मला म्हणाली की भाईजान, उद्या डोस द्यायचे आहेत, लवकर जाऊन झोपते.

तर दैवशाला अशी गहू निवडत बसलेली असताना फाट्यावरून पिशवी घेऊन मीनावैनी चालत आली. एकटीच. मी भोंगा खाली ठेवला पण या म्हणालो नाही. दैवशालानं उठून पाणी दिलं. वैनीनं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आधी सांगते, मंग पिते. मत मी तुला दिलं न्हाई. पोराचं कायम व्हायचं राह्यलंय. तुझ्या दारात बसून खोटं बोलायचं न्हाई मला."

"ते आकड्यावरनंच दिसलं, वैनी," दैवशाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मताचं न्हाई काई. पर परक्या बायांनी माझी ओटी भरली. तुम्ही पदर पुढं केलेला बघून उठून गेलात."

वैनीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"ओटी कवा भरतेत गं? लेक जायला निघाली म्हंजी. तुझ्या दादानं तुला रस्ता इसर म्हणलं व्हतं. त्यात मी ओटी भरली असती तर झालं असतं ना, लावली वाटंला. मी कुठं तुला जा म्हणलं?"

मी त्या चळतीकडे बघितलं. गावोगावच्या बायांनी दारात आलेल्या लेकीचा मान केला होता आणि रीतीनं तिला निरोप दिला होता. चांगल्या मनानंच दिला होता. आम्ही ते पोत्यात भरून घरी आणलं आणि विजय समजून जपून ठेवलं. मला हसू येत होतं. राग कुणावर काढावा ते मात्र आता सुचेना.

"दादाला म्हाईत हाय, तुम्ही आल्यात ते?" दैवशालानं विचारलं.

"त्यांनीच फटफटीवर फाट्यापोतर आणून सोडलं. हितवर आले न्हाईत. काई बोललेबी न्हाईत." मग वैनीनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली.

दुपार त्या दोघी बोलत बसल्या. दवाखान्याचं, पोराच्या नोकरीचं, भाचीच्या स्थळाचं. उन्हं उतरायला लागली तशी वैनी पिशवी सावरून उठली, म्हणाली गाडी चुकेल. दैवशालानं सवयीनं कुंकवाचा करंडा आणला, चळतीतला वरचा खण उचलला, परातीतले मूठभर तांदूळ घेतले. वैनी पदर पुढं करणार तेवढ्यात दैवशालाचा हात थांबला. तिनं तांदूळ परत परातीत सोडले आणि खण चळतीवर ठेवला.

"आज नका जाऊ, वैनी," ती म्हणाली.

वैनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो की आपेत डिझेल नाही, कसं सोडणार. डिझेल होतं. मीनावैनीनं पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला, परात आपल्याकडं ओढली आणि गहू एकीकडं काढायला लागली.