इंग्रजीतच ठेवलेला परिच्छेद

आखातात मुसफ्फा इथल्या चारुदत्तशेठच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत संगणकाचं सगळं हेमचंद्र पाहायचा. २००२ साली कामगारांसाठी इंग्रजी वेबसाइट हिंदीत करायची ठरली, तेव्हा खुणांची पद्धतही त्यानेच बसवली. ज्या मजकुराला खूण, त्याला भाषांतरकाराने हात लावायचा नाही. नावं, फोन नंबर, पत्ते जसेच्या तसे राहायचे. शेठना पद्धत फारच आवडली. नको तितकी आवडली.

"हेमचंद्र, यालाही खूण कर," त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. घरी कुणी गंभीर आजारी असेल तर कामगाराला रजा आणि तिकीट कंपनी देईल, असा तो परिच्छेद होता.

"सर, पण हे तर कामगारांसाठीच आहे."

"ते गोऱ्या क्लायंटला दाखवायला. हिंदीत टाकलंस तर उद्या अख्खा लेबर कॅम्प एअरपोर्टवर. यल्ला, कर आणि खलास."

हेमचंद्रने खूण केली. व्हिसा शेठच्या हातात, लेकीची शाळा व्हिसावर. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं करतो काय बिचारा!

वेबसाइट सुरू झाली त्या शुक्रवारी आत्माराम घरी जेवायला आला. हा छायाचा, म्हणजे हेमचंद्रच्या बायकोचा, मावसभाऊ. त्याच कंपनीत फिटर. चिकटवला होता हेमचंद्रनेच. गावी आईने अंथरूण धरलेलं, आणि पोरगा एकदा दिसावा एवढाच तिचा धोशा.

"दाजी, सुपरवायझर म्हणतो तिकीट तुझं तू काढ. कुठून काढू? वेबसाइटवर काही सोय लिहिलीय का, बघू की."

हेमचंद्रला नाही म्हणता येईना; त्याने घरच्या संगणकावर पान उघडून दिलं. आत्माराम एकेक ओळ बोटाने वाचत गेला आणि मधेच थांबला.

"हे एवढंच इंग्रजीत का?"

दहा वर्षांची ईशानी खुर्चीमागून डोकावली. "मामा, इट सेज—"

"ईशानी, आत जा!"

"बट बाबा—"

"जा म्हटलं ना!"

ती रडवेली होऊन गेली. आत्माराम बघतच राहिला. "काय म्हणत होती पोरगी?"

सांगितलं तर हा उद्या ऑफिसात तिकीट मागणार, आणि कुणी सांगितलं हे शेठना विचारावंही लागणार नाही. हेमचंद्रला स्वतःची किळस आली, पण जीभ वळली ती भीतीकडेच.

"काही नाही रे. कंपनीचा पत्ता आहे."

आत्मारामने मान हलवली. "दाजी, मग एक फोन करू का गावी? आईला सांगून टाकतो, वाट बघू नकोस म्हणून."

हेमचंद्रने नंबर लावून दिला.