खांबाआडची खुर्ची

लग्नाचं नियोजन शिकवणाऱ्या आमच्या मॅडमचा एक नियम होता. हॉल सजवायच्या आधी त्यातल्या प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून बघायचं, फुलं-दिवे नंतर. त्यामुळे वर्षभर मी आणि माझी मैत्रीण साखर रिकाम्या हॉलांमधून या खुर्चीतून त्या खुर्चीत फिरत राहिलो. साखर हे तिचं वर्गातलं नाव. बोलणंच तसं होतं बयेचं.

अशाच एका हॉलमध्ये मी खांबामागच्या खुर्चीत बसले आणि मला रडू फुटलं. ताईच्या लग्नात कुणीतरी आईची चाकाची खुर्ची अशीच खांबाआड लावली होती. पोटच्या मुलीचं लग्न आईने नुसतं ऐकलं. तक्रार मात्र कधीच केली नाही. साखरने मला जवळ घेतलं, डोळे पुसले. तेव्हा मी तिला माझ्या मनातली मांडणी सांगितली: नवरीला मागच्या दारातून आणायचं, खुर्च्यांच्या कडेकडेने, म्हणजे कायम मागे बसणाऱ्यांना ती सगळ्यांत आधी दिसेल.

शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाने आपली मांडणी घरच्यांसमोर सादर करायची होती. पहिली येईल तिला मॅडम स्वतःच्या कंपनीत घेणार होत्या. त्या नोकरीवर माझा जीव होता. आईला मी मुद्दाम आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मांडणी तिच्यासाठीच होती, पण तिचं दुःख चारचौघांत काढायचं नाही हे मी पक्कं ठरवलं होतं.

माझा नंबर आला तशी साखर पोट धरून पुढे आली. "मला आधी जाऊ दे ना गं. भीतीने जीव चाललाय माझा."

"जा बाई," मी म्हटलं. वर पाठही थोपटली, मूर्खासारखी.

ती गेली आणि माझी नवरी मागच्या दारातून घेऊन आली. तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ गिळलं असतं. पण ती पुढे म्हणाली, "माझी आई चाकाच्या खुर्चीत असते. ताईच्या लग्नात ती खांबाआड बसली होती." मॅडमनी चष्मा काढून डोळे टिपले. साखरची आई धडधाकट आहे, रोज तिला स्कूटरवरून गेटपर्यंत सोडायला येते; त्या दिवशी मात्र तिने घरून कुणालाच आणलं नव्हतं. आणि साखर एकुलती एक!

माझी मांडणी सुरू होते न होते तोच मॅडम म्हणाल्या, "अगं, हे आत्ताच झालं की." मागून कुणीतरी हसलं. आईकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी खरं-खोटं झालं असतं. पण ती पदराने डोळे पुसत होती. माझा हात उठला नाही.

नोकरी साखरला मिळाली. बाहेर पडताना आईने तिला हाक मारून जवळ बोलावलं, तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मला वाटायचं, असं माझ्या एकटीच्याच वाट्याला आलं," आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती यावर बोलत होती. "तुझ्या आईला एकदा घेऊन ये गं. आम्ही दोघी बोलत बसू."

साखरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो काकू," ती गोड आवाजात म्हणाली, "नक्की आणते."